हरेगांव ते धामणगांव : एका यात्रेची शेवटची मजल

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सव मंडळानें आज येथें दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां आम्हीं प्रथम हात जोडून नकार दिला. धर्मग्रामाचा इतिहास सांगावा, तर तो आमच्याहून वडील मंडळींस अधिक ठाऊक. धर्मोपदेश करावा, तर तो अधिकार आमचा नव्हे. तेव्हां मंडळींनीं तोड काढली, "तुम्ही उभयतां मतमाउलीच्या यात्रेस पायीं गेलां होतां. तीच हकीकत सांगा." ही विनंति मात्र आमच्यानें मोडवेना. परंतु आरंभींच एक गोष्ट कळवून ठेवतों. ही यात्रा हरेगांवीं संपेल असें समजून आम्ही निघालों होतों. ती तेथें संपली नाहीं. तिची शेवटची मजल वऱ्हाडांत, धामणगांव रेल्वे येथें, एका लहानशा घराच्या उंबरठ्यावर पडली. ती हकीकत सांगतांना आमचा एक जुना दोष आपणांपुढें उघडा करावा लागेल. तो आपण ऐकून घ्यावा, आणि त्यांतून कोणाच्या उपयोगाचें कांहीं निघालें तर तेवढें घ्यावें.

हरेगांवाची ओळख वडील मंडळींस करून द्यावी असें नाहीं. तरी नव्या पिढीसाठीं चार शब्द सांगतों. श्रीरामपूर तालुक्यांतील हें गांव एके काळीं बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळें नांवाजलेलें होतें. प्रवरेच्या कालव्यांचें पाणी त्या मुलखांत खेळूं लागलें, ऊंस उभा राहिला, आणि मजुरीच्या आशेनें आलेलीं अनेक गरीब कुटुंबें तेथें वस्ती करून राहिलीं. त्यांत आपल्या मताचींही पुष्कळ होतीं. कारखाना बंद पडून आतां फार वर्षें झालीं. पण तेथील संत तेरेजा चर्चमध्यें येशूसंघीय धर्मगुरु फादर जेरार्ड बाडर यांनीं १९४९ सालीं सुरू केलेली मतमाउलीची यात्रा बंद पडली नाहीं. ज्या गांवांत पोटासाठीं माणसें येत, त्या गांवांत आतां तीं केवळ भक्तीसाठीं येतात. आणि त्यांत आपल्याच मताचे असतात असेंही नाहीं. शेजारधर्मानें व नवसानें येणारे इतर बंधुभगिनीही तेथें मेणबत्ती लावून जातात.

ही यात्रा ८ सप्टेंबर ह्या पवित्र मरियेच्या जन्मदिनाच्या सुमारास भरते. ह्याच दिवसांत वांद्र्याच्या डोंगरावरील मातेपुढें, जिला कोळी बांधव 'मोत माउली' म्हणतात तिच्यापुढें, आठवडाभर जत्रा असते. ह्याच दिवसांत तामिळनाडूंत वेळांकण्णीस भगव्या वस्त्रांतले यात्रेकरू लांबलांबून पायीं चालत पोहोंचतात. आणि मंगळूरकडील आपले बांधव नव्या भाताचीं लोंबें चर्चमध्यें आशीर्वादित करून घरीं आणतात व सारें कुटुंब एका पंक्तीस बसून तें नवान्न खातें. ह्या शेवटच्या रीतीकडे आपण विशेष लक्ष द्यावें. मातेचा जन्मदिन म्हणजे तिच्या सर्व लेकरांनीं एका ताटाभोंवतीं बसण्याचा दिवस, एवढा त्या रीतीचा अर्थ आहे. तो अर्थ आम्हांस पुष्कळ उशिरां कळला.

२०२५ च्या सप्टेंबरांत आमची दिंडी नगराहून निघाली. सरकारदरबारीं २०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. आमच्या जिभेस जुनें नांव अजून सुटत नाहीं, याची क्षमा असावी. पुढें पताका, मागें हातगाडीवर फुलांनीं सजविलेली मातेची मूर्ति, आणि तिच्यामागें आम्ही चाळिसांवर माणसें. नगर-मनमाड रस्त्यानें विळद घाट, देहरे, राहुरी. तेथून रस्ता सोडून देवळाली प्रवरा, बेलापूर, श्रीरामपूर. आणि मग हरेगांव. वाट तीन दिवसांची. मोटारीनें हीच वाट दोन तासांत सरते. पण दोन तासांत माणसाच्या मनांत कांहींच वर येत नाहीं.

पायीं यात्रेचा अनुभव असा कीं, पहिल्या दिवशीं माणूस बरोबरच्या मंडळींशीं बोलतो, दुसऱ्या दिवशीं स्वतःच्या पायांशीं बोलतो, आणि तिसऱ्या दिवशीं मन आपोआप जुन्या गोष्टींकडे वळतें. पहिल्या दिवशीं आम्ही भजनें मोठ्यानें म्हटलीं. राहुरीच्या अलीकडे पावसाची एक सर आली, जोडे भिजले, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत दोन्ही तळपायांस फोड आले. रात्रीं एका वस्तीवरील शेतकरी कुटुंबानें आम्हां सर्वांस पडवींत जागा दिली, पिठलें-भाकरी वाढली, आणि त्यांच्या म्हातारीनें कापूर घातलेलें खोबरेल आमच्या पायांस लावायला दिलें. तिनें आमचें नांवगांव विचारलें नाहीं. "कुठं चाललां?" एवढेंच विचारलें, आणि "आईला" असें उत्तर मिळतांच तिचें समाधान झालें.

वाटेंत जपमाळ अखंड चालू असे. आनंदाच्या रहस्यांतील दुसरें रहस्य आपणां सर्वांस पाठ आहे: पवित्र मरिया आपली नातलग एलिझाबेथ हिच्या भेटीस जाते. देवदूताचा निरोप मिळाल्यावर मरिया स्वतःच्या भाग्याचा विचार करीत घरांत बसली नाहीं. ती उठली आणि घाईनें डोंगराळ प्रदेशांतील त्या वृद्ध नातलगिणीच्या घरीं गेली, व सुमारें तीन महिने तिच्यापाशीं राहिली. ख्रिस्तसभा ह्या भेटीचा सण आतां ३१ मे रोजीं पाळते. १९६९ पूर्वीं तो २ जुलैस असे. तीन दिवसांत हें रहस्य कितीदां आमच्या मुखावाटें गेलें, याची गणती नाहीं. पण तिसऱ्या दिवशीं, बेलापुराजवळ प्रवरेचा पूल ओलांडतांना, तेंच शब्द उच्चारतां उच्चारतां आमचा आवाज बसला. आमच्या सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहिलें आणि पुढचा जप त्यांनीं चालविला. आमच्या मनांत काय आलें हें त्यांस ठाऊक होतें.

बंधुभगिनींनो, आम्हांस एक वडील बहीण आहे. तिला आम्ही आक्का म्हणतों. आमच्या लहानपणीं आई शेतावर मजुरीस जाई, तेव्हां आमचें खाणेंपिणें, न्हाणेंधुणें सारें आक्कानें केलें. पुढें तिचें लग्न होऊन ती धामणगांवास गेली. आमचे दाजी तेथें कापसाच्या एका जिनिंगमध्यें हिशेब लिहीत असत. इतक्या दूर दिलेली लेक वर्षांतून एकदां माहेरीं येई. ती यायची म्हटली कीं आई आठ दिवस आधींपासून वाटेकडे डोळे लावून बसे.

२०१४ च्या मे महिन्यांत आई अकस्मात् फार आजारी झाली. आम्हीं आक्कास फोन केला. ती मिळेल त्या गाडीनें निघाली. दुसऱ्या दिवशीं दुपारीं आईनें प्राण सोडला. उन्हाळा कडक होता. जमलेल्या मंडळींनीं सल्ला दिला कीं, देह ठेवूं नये, संध्याकाळपर्यंत उरकून घ्यावें. आक्काचा वाटेंत खोळंबा झाला होता. ती रात्रीं पोहोंचेल कीं सकाळीं, याचा नेम नव्हता. एक रात्र बर्फ आणून देह ठेवणें कांहीं अशक्य नव्हतें. पण आम्ही थकलों होतों, भांबावलों होतों, आणि चारचौघांच्या म्हणण्यापुढें आम्हीं मान डोलावली. सूर्यास्तापूर्वीं आईचें दफन झालें.

आक्का दुसऱ्या दिवशीं उजाडतां आली. ती घरीं न येतां स्टेशनावरून सरळ कबरस्थानांत गेली. मातीच्या ढिगाऱ्यापाशीं ती पुष्कळ वेळ बसली. मग तिनें पदराच्या टोकांत मूठभर माती बांधून घेतली, आणि आमच्या घरचें पाणीही न घेतां त्याच संध्याकाळच्या गाडीनें परत गेली. ती एक शब्दही रागाचा बोलली नाहीं. आम्हीं नंतर फोन केले; ती "बरी आहे" एवढें म्हणून ठेवून देई. आमच्या कन्येच्या विवाहास ती आली नाहीं; तिच्या नातवाच्या स्नानसंस्कारास आम्हांस बोलावणें आलें नाहीं. हळूहळू फोनही थांबले. अशीं अकरा वर्षें गेलीं. ह्या अकरा वर्षांत आम्ही दर रविवारीं मिस्सेस येत होतों, ह्याच मंदिरांत शेजाऱ्यास शांतीचा नमस्कार करीत होतों, आणि धर्मग्रामाच्या समितींतही बसत होतों.

हरेगांवीं आम्ही तिसऱ्या दिवशीं दुपारीं पोहोंचलों. दर्शनाची रांग मोठी होती. मेणबत्त्यांच्या उजेडांत मातेचें मुख पाहिलें आणि तीन दिवसांचा शीण उतरला. मिस्सेपूर्वीं आम्ही पापनिवेदनास गेलों. बाहेरगांवचे एक वृद्ध धर्मगुरु ऐकावयास बसले होते. आमचें निवेदन आम्हीं नेहमींप्रमाणें लहानसहान गोष्टींनीं सुरू केलें: वाटेंत जेवणावरून रागावलों, जप करतांना मन भरकटलें. मग, कसें कोण जाणे, आक्काची गोष्ट तोंडांतून निघाली. आणि त्या गोष्टीचा जो भाग आम्हीं आमच्या पत्नीसही कधीं सांगितला नव्हता, तोही निघाला.

धर्मगुरु कांहीं वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "धामणगांव येथून किती दूर आहे?"

आम्हीं म्हटलें, "फादर, आगगाडीनें दहा तास."

"मग तुमची यात्रा अजून वाटेंतच आहे," ते म्हणाले; आणि प्रायश्चित्त म्हणून जपमाळेचें एक दशक सांगून त्यांनीं पापमुक्ति दिली.

प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत जें सांगितलें आहे तें आपण सर्वांनीं ऐकलेलें आहे: वेदीपाशीं दान घेऊन आल्यावर भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं आहे असें आठवलें, तर दान तेथेंच ठेवावें, आधीं जाऊन समेट करावा, आणि मग येऊन दान अर्पावें. हें वचन आम्हीं कितीदां ऐकलें होतें! पण त्यांतील एक बारकावा त्या दिवशीं प्रथम ध्यानांत आला. प्रभु असें म्हणत नाहीं कीं तुझ्या मनांत भावाविषयीं राग असेल तर जा. तो म्हणतो, भावाच्या मनांत तुझ्याविषयीं कांहीं असेल तर जा. आमच्या मनांत आक्काविषयीं राग मुळींच नव्हता, आणि त्यामुळें आम्ही अकरा वर्षें स्वतःस निर्दोष समजत होतों.

बाहेर येऊन आम्हीं पत्नीस सांगितलें कीं, दिंडीची मंडळी टेम्पोनें परत जातील. आपण धामणगांवास जावें असें वाटतें. त्या आमच्या पायांकडे पाहून म्हणाल्या, "दुखतातच आहेत, आणखी दोन दिवस दुखतील." मग त्यांनीं पिशवींतले पैसे मोजले. कोणास कळवावें कीं न कळवावें ह्याचा विचार केला, आणि न कळवितां जाण्याचें ठरलें. कळविलें आणि "येऊं नका" असें उत्तर आलें तर पुढें पाऊल पडलें नसतें.

श्रीरामपूरच्या स्टेशनास आजही बेलापूर हेंच नांव आहे. दौंड ते मनमाड हा लोहमार्ग १८७८ सालीं झाला. मनमाडास तो मुंबई-नागपूरच्या मोठ्या रस्त्यास मिळतो, आणि तो मोठा रस्ता १८६७ सालींच नागपुरास पोहोंचला होता. कोल्हापुराहून गोंदियास जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस ह्या दोन्ही मार्गांनीं जाते. ती आम्हांस अपरात्रीं मिळाली. डब्यांत पाऊल ठेवावयास जागा नव्हती. दाराजवळ वळकटी टाकून आम्ही उभयतां तिच्यावर बसलों. मनमाड गेलें, चाळीसगांव गेलें, जळगांवास उजाडून ऊन वर आलें होतें. भुसावळास पुष्कळ माणसें उतरलीं आणि बसावयास बाकावर जागा मिळाली. मलकापुरापासून वऱ्हाड लागलें. काळीभोर जमीन, तींत फुलावर आलेली कपाशी, कडेनें तुरीच्या ओळी. शेगांवास गजानन महाराजांच्या दर्शनाचे वारकरी उतरले, त्यांतील एका म्हाताऱ्यानें आमच्या पायांस बांधलेल्या चिंध्या पाहून विचारलें, "कोणची वारी?" आम्हीं सांगितलें. त्यानें आमच्या गळ्यांतील जपमाळेस हात लावून तो स्वतःच्या कपाळीं नेला आणि उतरला.

समोरच्या बाकावर दोघी सासुरवाशिणी होत्या. गौरी-गणपतीस माहेरीं जाऊन त्या परत निघाल्या होत्या. अकोल्याच्या पुढें त्यांनीं फडकें सोडलें आणि आमच्यापुढें दोन दशम्या ठेवल्या. "घ्या नं जी, माह्या मायनं बांधून देल्लं," त्यांतली धाकटी म्हणाली. आम्हीं दशमी हातांत घेतली. पण घास घशाखालीं उतरेना. लेकीच्या फडक्यांत शिदोरी बांधून देणारी आई गेली म्हणजे तें काम भावाच्या घराचें. आईच्या माघारीं भावाचा उंबरठा हेंच बहिणीचें माहेर. आम्हांस आजवर वाटत होतें कीं, आमच्याकडून आक्काचें एक दर्शन चुकलें. तें एक दर्शन नव्हतें. आम्हीं तिचें माहेर मोडलें होतें.

मूर्तिजापूर, बडनेरा, चांदूर, आणि मग धामणगांव. ह्या गांवाच्या नांवापुढें 'रेल्वे' कां, असें मुलें विचारतात. वऱ्हाडांत धामणगांव नांवाचीं गांवें आणखीही आहेत; बुलढाण्याकडे धामणगांव बढे आहे; तेव्हां जें गांव स्टेशनाभोंवतीं वाढलें त्यास धामणगांव रेल्वे म्हणूं लागले, जसें चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार. कापसाची बाजारपेठ, यवतमाळकडे जाणाऱ्यांचें गाडींतून उतरण्याचें जुनें ठिकाण, आणि पलीकडे वर्धा नदी. त्याच नदीकांठीं, त्याच जिल्ह्यांत, कौंडण्यपूर आहे. लोकपरंपरा तें रुक्मिणीचें माहेर मानते, आणि तेथून दर आषाढीस रुक्मिणीची पालखी पायीं पंढरपुरास जाते. माहेराची ओढ काय असते हें त्या मुलखास कोणी शिकवावयास नको.

भर दुपारीं आम्ही उतरलों. ऑटोवाल्यास आळीचें नांव सांगितलें. आक्काच्या आळींत आपल्या मताचें दुसरें घर नाहीं. दारावर लावलेल्या लहानशा क्रुसावरून घर सांपडलें. आक्का ओसरीवर सूप घेऊन तूर पाखडीत बसली होती. केस पार पांढरे झाले होते. आम्ही फाटकांत उभे राहिलों. हांक मारावी तर शब्द फुटेना. शेजारची एक बाई म्हणाली, "पाहुणे आले पहा नं, काकू." आक्कानें मान वर केली. तिची दृष्टि प्रथम आमच्या तोंडावर गेली नाहीं. ती आमच्या पायांवर गेली.

"पायांना काय झालं रे?" ती म्हणाली.

अकरा वर्षांनंतरचे तिचे हे पहिले शब्द. लहानपणीं कांटा मोडून घरीं आलों म्हणजे ती ह्याच स्वरांत विचारी. आम्हीं सांगितलें, हरेगांवास पायीं गेलों होतों, तेथून आलों. ती उठली, आंत गेली, आणि परातींत मीठ घातलेलें ऊन पाणी घेऊन आली. आमच्या पत्नी पुढें झाल्या तर त्यांस तिनें बाजूस बसविलें, आणि आमच्या पायांवरच्या चिंध्या स्वतः सोडल्या. प्रभूनें शेवटच्या भोजनाच्या वेळीं शिष्यांचे पाय धुतले, तेव्हां पेत्राला किती संकोच वाटला असेल हें त्या दिवशीं आम्हांस कळलें. ज्यानें अपराध केला त्याचेच पाय, जिचा अपराध झाला ती धूत होती.

संध्याकाळीं दाजी आले. त्यांनीं आनंदानें स्वागत केलें. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी असें जेवण झालें. आईचें नांव कोणीं काढलें नाहीं. जपमाळ झाली. दिवा मंद केल्यावर आक्का आमच्या उशाशीं येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आईच्या हातांत काय होतं रे? पुरतांना?"

आम्हीं सांगितलें, "तिची तपकिरी जपमाळ. तूं दिलेली."

"आणि लुगडं?"

"हिरवं. तूंच आणलेलं."

ती गप्प राहिली. आतां तो भाग सांगणें प्राप्त होतें, जो आम्हीं हरेगांवीं निवेदनांत सांगितला होता आणि अकरा वर्षें कोणास सांगितला नव्हता. आम्ही उठून बसलों आणि म्हटलें, "आक्का, शेवटच्या दिवशीं सकाळपासून ती एकच विचारीत होती, 'आक्का आली का?' तीन वेळां तिनें विचारलं. आणि शेवटीं म्हणाली, 'तिची वाट पहा.' तिनें मला स्पष्ट सांगितलं होतं, वाट पहा. मीं नाहीं पाहिली."

बंधुभगिनींनो, हे शब्द आम्हीं इतकीं वर्षें दडवून ठेवले, कारण त्यांत आमचा अपराध दुप्पट होत होता. मंडळींच्या सल्ल्यानें घाई केली, ही एक गोष्ट; मरणाऱ्या आईची आज्ञा मोडली, ही दुसरी. आम्हांस वाटलें होतें, हें ऐकून आक्का आमचें तोंड पाहणार नाहीं. अंधारांत ती रडत होती. पुष्कळ वेळानें ती म्हणाली, "ती माझी वाट पाहत होती? मला अकरा वर्षं वाटत होतं, तिला शेवटीं माझी आठवणही झाली नाहीं. म्हणून तुम्ही थांबलां नाहीं, असं वाटत होतं."

आम्हीं जें आमचें पाप म्हणून लपविलें, तें तिचें धन होतें. आईचे शेवटचे शब्द तिच्या नांवाचे होते, तिच्या वांट्याचे होते. आणि आमची लाज राखण्यासाठीं आम्हीं ते तिच्यापासून दाबून ठेवले होते. एखाद्यानें भावंडांचें शेत लाटलें तर आपण त्यास चोर म्हणतों. आम्हीं कोणतें शेत लाटलें होतें याचा कागद कोठें नाहीं. पण चोरी झाली होती खरी.

सकाळीं आक्कानें देवाच्या फळीवरून एक पितळी डबी काढून दाखविली. तींत कबरेवरची ती मूठभर माती होती. रोज संध्याकाळीं दिवा लावतांना ती डबीपाशीं दिवा ठेवी. आम्ही तेथें दोन दिवस राहिलों. निघतांना आमच्या पत्नींनीं स्टेशनाजवळच्या दुकानांतून लुगडें आणून तिच्या हातांत ठेवलें, आणि हरेगांवाहून आणलेली मेणबत्ती दिली. आक्कानें आमच्या फडक्यांत भाकरी बांधल्या. तें काम खरें आमचें होतें. पण तिनें ऐकलें नाहीं.

सर्व कांहीं पूर्ववत् झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. अकरा वर्षें परत मिळत नाहींत. आमच्या कन्येच्या मांडवांत आत्या नव्हती, ही गोष्ट आतां बदलणार नाहीं. पण त्याच वर्षीं २ नोव्हेंबरास, सर्व मृतांच्या स्मरणदिनीं, आक्का आली. स्टेशनावरून ती पहिल्याप्रमाणेंच सरळ कबरस्थानांत गेली. ह्या वेळीं आम्ही तिच्याबरोबर होतों. तेथून ती घरीं आली, आणि तिनें पाणी घेतलें.

आतां ह्या हकीकतीचा आजच्या महोत्सवाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो ज्युबिली ह्या शब्दांतच आहे. जुन्या करारांत लेवीय नांवाच्या ग्रंथांत परमेश्वरानें इस्राएल लोकांस आज्ञा दिली कीं, पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. त्या वर्षीं दासांस मोकळें करावें, गहाण पडलेली जमीन मूळ घराण्यास परत द्यावी, आणि प्रत्येकानें आपापल्या कुळाकडे परत जावें. त्या मूळ आज्ञेंत मंडप नाहीं, तोरण नाहीं, मेजवानी नाहीं. ज्याचें जें असेल तें त्याला परत करणें आणि आपल्या माणसांकडे परत जाणें, ह्याचें नांव ज्युबिली. पुढें पोप आठवे बोनिफास यांनीं १३०० सालीं ख्रिस्तसभेचें पहिलें ज्युबिली वर्ष घोषित केलें, तेव्हां रोमची यात्रा हा त्याचा मुख्य भाग होता. आणि २०२५ हें वर्षही ख्रिस्तसभेनें 'आशेचे यात्रेकरू' ह्या ब्रीदानें ज्युबिली वर्ष म्हणूनच पाळलें. यात्रा आणि परतणें, हीं दोन्ही ज्युबिलीचीं अंगें आहेत. आम्हीं पहिलें अंग उत्साहानें पाळलें, दुसरें विसरलों होतों.

पवित्र कुटुंबाचेंच उदाहरण पहा. येशू बारा वर्षांचा असतां मरिया व योसेफ वल्हांडणाच्या सणासाठीं त्याला घेऊन यरुशलेमेस गेलीं. सण संपवून परततांना एक दिवसाची वाट चालून झाल्यावर मुलगा बरोबर नाहीं हें ध्यानांत आलें. त्यांनीं त्याला आधीं कोठें शोधलें? नातलगांत आणि ओळखीच्या मंडळींत. कोणी मागें राहिलें आहे हें कळल्यावर तीं पुढें गेलीं नाहींत. उलट फिरलीं, आणि तीन दिवसांनीं त्यांस तो मंदिरांत सांपडला. यात्रा झाली, सण झाला, आतां घरीं जाऊं, असें त्यांनीं म्हटलें नाहीं.

आपल्या धर्मग्रामास ५० वर्षें पूर्ण झालीं. ह्या मंदिराच्या भिंती ज्यांनीं डोक्यावर पाणी वाहून उभ्या केल्या, त्यांपैकीं पुष्कळ मंडळी आतां कबरस्थानांत विसांवली आहेत. त्यांचीं मुलेंनातवंडें आज येथें बसलेलीं आहेत. पण सगळीं बसलेलीं नाहींत. ह्या सभेंत कोण आलेलें नाहीं, हें प्रत्येकास आपल्या मनांत ठाऊक आहे. कोणी एका भिंतीच्या वादावरून येत नाहीं. कोणास लग्नांत मान मिळाला नाहीं. कोणाचें दुखणें चालू असतां आपण भेटीस गेलों नाहीं. त्यांच्याविषयीं आपल्या मनांत राग नसेल. आमच्याही मनांत आक्काविषयीं नव्हता. पण प्रश्न आपल्या मनाचा नसून त्यांच्या मनाचा आहे.

म्हणून आमची एवढीच विनंति. ह्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत आपण हरेगांवास जा, वांद्र्यास जा, जमल्यास वेळांकण्णीस जा. पायीं जाल तर उत्तमच. पण परततांना एक दार ठोठावून या. तें दार शेजारच्या गल्लींत असेल, किंवा दहा तासांच्या वाटेवर असेल. आणि त्या दारीं कांहीं सांगावयाचें राहिलें असेल, विशेषतः आपल्या लाजेखातर दडविलेलें असेल, तर तें सांगा. आपल्यापाशीं असलेली कोणाची वस्तु कोणतें रूप घेऊन बसली आहे, हें दिल्यावांचून कळत नाहीं.

आक्काचें आतां वय झालें आहे. पुढच्या यात्रेस हरेगांवीं येईन, पण चालवणार नाहीं, असें तिनें कळविलें आहे. आम्हीं तिला लिहिलें कीं, तूं गाडीनें ये, चालण्याचें काम आमच्याकडे राहूं दे. ह्या वेळीं आम्ही तुझी वाट पाहूं.

परमेश्वर ह्या धर्मग्रामास आपल्या सर्व लेकरांसह पुढील ५० वर्षें दाखवो, अशी प्रार्थना करून आमचें भाषण संपवितों.